चूलबंद आवतण

पेठच्या स्टँडवर आळेफाट्याच्या एसटीची वाट बघत इंद्रायणी उभी होती. पिशवीत भाकरीचा डबा, आणि डब्याच्या वर दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून ठेवलेली एक फ्लॉपी. फ्लॉपी भिजली तर साहेब ओरडणार आणि भाकरी भिजली तर ती स्वतःच ओरडणार, म्हणून दोन्हींवर तिनं लेकीचा, श्रेयाचा, जुना रेनकोट पांघरला होता. स्वतःला छत्री. तिचीही एक काडी मोडलेली.

दोन हजार तीनचा आषाढ होता. इंद्रायणीनं चाळिशी ओलांडली होती. चष्मा कपाळावर ठेवायचा आणि मग घरभर चष्मा शोधायचा, या वयाला ती आली होती. पण कॉम्प्युटर म्हटलं की पाटबंधारे ऑफिसातल्या सगळ्यांचा तिच्यावर भारी विश्वास. तिचा स्वतःवर तेवढा नव्हता. पण पगार विश्वासावर मिळतो, म्हणून ती ते कुणाला सांगायची नाही.

आणि त्या दिवशीचं काम तर अगदीच साधं होतं. मढच्या वरच्या अंगाला डोंगरातून एक ओढा उतरतो. त्याच्या काठानं वाड्या. प्रत्येक वाडीजवळ ओढ्यात एक पेटी बसवलेली. पाणी किती चढलं, ते ती पेटी वायरलेसवरून मढच्या पूर-केंद्रातल्या कॉम्प्युटरला कळवायची. पाणी खुणेच्या वर गेलं की कॉम्प्युटर त्या वाडीतला भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की चूल विझवायची, गुरं सोडायची, पोरं काखोटीला मारायची आणि वर टेकाडावरच्या केंद्राच्या पडवीत येऊन बसायचं, अशी सगळ्यांना शिकवणच होती.

घोडं अडलं होतं ते कोंडवाडीवर.

कोंडवाडी आता नव्हती. सत्त्याण्णवच्या पावसात एका दुपारी ओढ्यानं ती नेली. घरं, गोठे, माणसं, पेटी, भोंग्याचा खांबसुद्धा. त्या दुपारी तिथला भोंगा वाजलाच नव्हता. का वाजला नाही, ते कुणाला कळलं नाही, आणि विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यापासून मढच्या कॉम्प्युटरात कोंडवाडीच्या नावानं पुन्हा पाण्याची मोजणी यायला लागली होती. पेटी नाही, खांब नाही, तरी मोजणी येते. पुण्याचा इंजिनियर म्हणाला, दुसऱ्याच कुणाच्या तरी वायरलेसचा आवाज शिरत असेल. असेल बाई. पण कॉम्प्युटर प्रामाणिक. तो कोंडवाडीचा भोंगा वाजवायला जायचा, तिकडून ‘वाजला’ असं उत्तर यायची वाट बघत बसायचा, आणि तोवर बाकीच्या वाड्या ताटकळायच्या. परवा खालच्या उंबरवाडीला अर्धा तास उशीर झाला होता. पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं, म्हणून निभावलं.

“कोंडवाडी सोडून बाकी सगळे,” साहेब म्हणाले. “एवढं एक वाक्य बदला.”

इंद्रायणीनं पेठच्या नव्या कॉम्प्युटरवर ते बदललं, चारचौघांसमोर चालवून दाखवलं. सगळ्या वाड्यांची नावं पडद्यावर आली, कोंडवाडीचं तेवढं आलं नाही. साहेबांनी चहा मागवला. आता तेच फ्लॉपीवरून मढच्या जुन्या कॉम्प्युटरात टाकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

मढला ती उतरली तेव्हा दुपार होती, पण दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. माळशेजकडून ढग सरपटत खाली आले होते. समोरचा माणूसही आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. केंद्राच्या पायऱ्यांवर तसाच आधी खोकला ऐकू आला आणि मग भागू दिसला. केंद्राचा राखणदार, साठीचा, डोक्यावर घोंगडीची खोळ.

“या म्याडम. आज ढगच जेवाय आल्याती खाली. काय दिसंना.”

“मला तर उन्हातही दिसत नाही, भागूभाऊ. माझा चष्मा बघितला का कुठं?”

“डोक्यावं हाय.”

आतल्या खोलीत जुना कॉम्प्युटर घुरघुरत होता. भिंतीवर फळी, फळीवर वाड्यांची नावं रंगवलेली आणि प्रत्येक नावापुढं एक लाल बल्ब. भोंगा वाजला की बल्ब लागायचा. कोंडवाडीच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली. बल्ब काढलेला. होल्डर तेवढा उघडा.

भाकरी खाता खाता भागूनं विचारलं, “काय बदलाय आला म्हनायचं?”

“आता कसं सांगू तुम्हाला? भोंगा म्हणजे आवतण समजा. कॉम्प्युटरात एक कारभारी असतो, शेल म्हणतात त्याला. त्याला घरं एकेक सांगत बसायची नसतात. खूण सांगायची. नुसती चांदणी काढली, की चूलबंद आवतण. असतील नसतील तेवढे सगळे या, घरी चूल पेटवू नका.”

“हां.”

“आणि कंसात एक टोपी काढायची, टोपीपुढं के लिहायचा. मग केनं नाव सुरू होणारे सोडून बाकी सगळे.”

“के म्हंजी?”

“कोंडवाडी.”

भागूचा घास हातातच राहिला. “आवतणातनं घर वगळू नये, बाई.”

मगाची म्याडम आता बाई झाली होती. इंद्रायणीच्या ते लक्षात आलं, आणि तिला हसू आलं. “अहो, तिथं आहे कोण आवतण घ्यायला?”

“त्ये मला नका इचारू. पर रीत सांगतो. वगळायचं तर निस्तं वगळावं. बोलवून, बसवून, मंग उठवू नये. पानावरनं उठवलेला मानूस आवतण परत करतो.”

“परत करतो म्हणजे?”

“म्हंजी मंग त्यो आपल्याला जेवाय बोलावतो.”

“मग बरंच की! एक वेळचा स्वयंपाक वाचला माझा.”

भागूनं भाकरी फडक्यात परत गुंडाळली. “आमची कुशी कोंडवाडीचीच. म्हायेर व्हतं तिचं,” एवढंच म्हणाला. कुशाबाई म्हणजे त्याची बायको. ती खाली उंबरवाडीत होती, काही महिन्यांच्या नातीला, हर्षालीला, घेऊन. मुलगा आणि सून आळेफाट्याला कांद्याच्या मार्केटात गेलेले.

इंद्रायणीला ओशाळल्यासारखं झालं. तिनं हात धुतले, फ्लॉपी घातली, नवी स्क्रिप्ट, म्हणजे त्या कारभाऱ्याला द्यायच्या हुकुमांची यादी, जुनीच्या जागी ठेवली आणि चालवली. कॉम्प्युटर काही बोलला नाही. या मशीनचं तिला हेच आवडायचं. चुकलं तर बोलायचं, नाहीतर गप्प. घरात असं एकही माणूस नव्हतं.

“झालं,” ती म्हणाली.

बाहेर पावसाचा आवाज बदलला. मगाशी पत्र्यावर थेंब वाजत होते, आता नुसती घरघर. फोन उचलून पाहिला तर मुका. वीज गेली आणि बॅटरीवर कॉम्प्युटर आणि बल्बांची फळी तेवढी चालू राहिली, पडदा हिरवट उजळत राहिला. भागूनं चहासाठी स्टोव्ह पेटवला. खोलीत रॉकेलचा वास पसरला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

लांबून, धुक्याच्या पोटातून. आधी खालच्या सुरात, मग चढत चढत, एखादी म्हैस हंबरावी तसा. इंद्रायणी खूश झाली. “बघा भागूभाऊ! वाजला की नाही उंबरवाडीचा...”

भागू मान वाकडी करून ऐकत होता.

“ह्यो उंबरवाडीचा न्हाय.”

“मग?”

“उंबरवाडी उगवतीला. ह्यो मावळतीकडनं येतूय.”

“मावळतीला कोणती वाडी आहे?”

भागूनं स्टोव्हची हवा सोडली. फुस्स करून ज्योत बसली.

“कोंची न्हाय,” तो म्हणाला.

इंद्रायणीनं फळीकडं पाहिलं. एकही बल्ब लागलेला नव्हता. तिनं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला आणि उंबरवाडीची मोजणी पडद्यावर आणली. पाणी खुणेच्या वर होतं. चांगलं हातभर वर. मग उंबरवाडीचा भोंगा गप्प कसा? तिनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. कॉम्प्युटर गप्प. उंबरवाडी गप्प. आणि मावळतीकडून पुन्हा तोच आवाज, आता लांब नव्हे, ओढ्याच्या अलीकडून आल्यासारखा.

“पानी चढलंय का?” भागूनं विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

“कुशी पोरीला पाळन्यात टाकून निजली आसंल... भोंग्याबिगर ती उठायची न्हाय.” त्यानं काठी उचलली. मागच्या दाराशी जाऊन तो वळला. “मी पोचंस्तवर पानी थांबायचं न्हाय, बाई. तेवढा भोंगा वाजवा.”

दार उघडलं तसं ढग आत आले. दार लागलं तेव्हा भागू गेलेला होता.

इंद्रायणी खुर्चीत बसली. चूक कुठं होती? तिनं ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. कंस, टोपी, के, कंस पुरा, चांदणी. के सोडून सगळे. पेठला चाललं होतं. चहासुद्धा झाला होता त्यावर! तिनं कपाळावर हात मारला, चष्मा खाली पडला, आणि तो शोधायला ती वाकली तेव्हा पुढच्या पडवीत पावलं वाजली.

ओली पावलं. चिखलात भिजलेल्या वहाणा काढून भिंतीशी टेकवल्याचा आवाज. मग आणखी पावलं, आणखी. कुणी घोंगडी झटकली. बांगड्या किणकिणल्या. शेळीच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली आणि कुणीतरी ती मुठीत धरली. एक लहान पोर खोकलं.

इंद्रायणीला रडूच यायचं बाकी राहिलं. आली बाई उंबरवाडीची माणसं. भोंग्याशिवाय आली! शहाणी माणसं.

“कुशाबाई?” तिनं आतूनच हाक दिली. “आलात का सगळे?”

पडवीतला सगळा आवाज एकदम थांबला.

दाराच्या फटीतून वास आत आला. ओल्या लोकरीचा, गाळाचा. आणि त्याखाली आणखी एक. पाणी ओतून विझवलेल्या चुलीचा. ओल्या राखेचा.

“आलो, बाई...” बाहेरून एका बाईचा आवाज आला. हळू, अगदी दाराला तोंड लावल्यासारखा. “समदी आलो. चूलबंद.”

“कुठली... कुठली वाडी?”

“तुमी बोलावली ती.”

इंद्रायणीनं खाली चाचपून चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला. पडद्यावर ते वाक्य तसंच होतं. आणि आता, जेव्हा डोकं चालायचं काहीच कारण नव्हतं, तेव्हा ते चाललं. टोपी! नव्या शेलला टोपीचा अर्थ कळतो. हा शेल जुना, तिच्या नोकरीइतका जुना. याला टोपी म्हणजे वगळणं हे कुणी शिकवलंच नव्हतं. याच्याकडं वगळायची खूण वेगळी, उद्गारचिन्ह, ती काठी आणि टिंब. कंसात टोपी दिसली की हा समजायचा, टोपी हेही एक अक्षरच. टोपीनं सुरू होणारे या, नाहीतर केनं सुरू होणारे या. टोपीनं सुरू होणारं कुणाचंच नाव नव्हतं.

जे एक घर वगळायचं, त्या एकट्यालाच तिनं आवतण धाडलं होतं. बाकी अख्ख्या ओढाकाठाला वगळून.

आणि ती माणसं आली होती.

“बाई...” दारापलीकडून. “बसू ना आमी?”

इंद्रायणी काही म्हणायच्या आतच, हो म्हटल्यासारखी बाहेर हालचाल झाली. माणसं बसली. एकाशेजारी एक, मांडी घालून, गुडघे मोडल्याचे आवाज ओळीनं ऐकू आले. मग सगळं शांत. वाढायला कुणी येईल म्हणून माणसं बसतात, तसं शांत.

उंबरवाडीची मोजणी पडद्यावर बदलली. हातभर होतं ते कमरेएवढं झालं होतं. पाळणा किती उंच बांधतात? तिला आठवेना. श्रेयाचा पाळणा तिच्याच कमरेपर्यंत यायचा.

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. टोपी खोडायला गेली तर भलतीच ओळ खोडली गेली, ती परत आणली. आता फक्त एक खूण. टोपीच्या जागी काठी-टिंब. ती मारली की उंबरवाडी येईल, पिंपळवाडी येईल, सगळे येतील. आणि दाराबाहेर बसलेले वगळले जातील. बसलेले. बोलावून, येऊन, पंगतीला बसलेले.

“बाई, लई वर्सांनी बोलावलं...” तो आवाज म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. तेच वाईट होतं.

इंद्रायणीनं डोळे मिटून खूण मारली.

मावळतीचा भोंगा गळा दाबावा तसा मधेच तुटला. भिंतीवरचे बल्ब धडाधडा लागले. उगवतीकडून उंबरवाडीचा भोंगा उठला, तिच्या ओळखीचा, किंचित फाटक्या आवाजाचा. आणि पडवीत सगळी माणसं एकाच वेळी उभी राहिली. लुगड्यांची, घोंगड्यांची एकच सळसळ.

जाताना पावलं वाजली नाहीत. ती कान लावून बसली होती, तरी वाजली नाहीत.

बऱ्याच वेळानं पडवीत खरीखुरी माणसं आली. ओरडत, शिव्या देत, पावसाला, सरकारला आणि एकमेकांच्या बैलांना. ही जिवंत माणसं आहेत, हे दार न उघडता कळत होतं. तरी तिनं दार उघडलं ते भागूचा आवाज ऐकल्यावरच. भागूच्या मागं कुशाबाई, छातीशी घोंगडीत गुंडाळलेली हर्षाली, आणि मागं अख्खी उंबरवाडी.

“घर गेलं,” भागू म्हणाला. “मानसं हायती. मला मदल्या चढावं भेटली समदी.”

“भोंगा वेळेवर वाजला ना?” इंद्रायणीनं विचारलं. उत्तर ‘हो’ असावं, असं तिला फार वाटत होतं.

“भोंग्याची वाट बघती तर ऱ्हायलीच असती की मी,” कुशाबाई म्हणाली. ती पोरीला थोपटत होती, आणि नजर मात्र कुठंतरी लांब. “भोंगा वाजला तवा आमी निम्मा चढ चढलो व्हतो. कुनीतरी आदीच सांगून गेलं.”

“कोण?”

“एक बाई. दारोदार कडी वाजवत. ‘आवतण हाय, चूल इझवा, वर चला.’ लई भिजल्याली. त्वांड वळखीचं वाटलं, पर धुकं हे असलं. म्या इचारलं, कुनाची गं तू? तर म्हनली, आमाला आत्ताच बोलावलंय... जाताजाता म्हनलं तुमास्नी बी संगं घ्यावं.”

भागूनं कंदील वर धरला.

पडवीत बाहेरून पाऊस येत नव्हता, पत्रा चांगला पुढं होता. पण फरशीवर ओल्या ठशांच्या दोन रांगा होत्या. समोरासमोर, बसलेल्या माणसांच्या. आणि प्रत्येक ठशापुढं, पत्रावळ मावेल एवढी जागा गोल, कोरडी ठणठणीत. उंबरवाडीची माणसं दमली होती, भिजली होती, तरी त्या रांगांमध्ये कुणी पाय ठेवला नाही. सगळी पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली.

“काय केलंत, बाई?” भागूनं हलक्या आवाजात विचारलं.

“दुरुस्त केलं.”

“उठवलं व्हय... पानावरनं?”

इंद्रायणीनं चष्मा काढून पदरानं पुसला. पुसत राहिली.

परत जायच्या आधी तिनं स्क्रिप्टमधून टोपी, काठी, टिंब सगळंच काढलं आणि नुसती चांदणी ठेवली. असतील नसतील तेवढे सगळे. कुणालाच वगळायचं नाही. पण कोंडवाडीच्या नावानं मोजणी यायची ती त्या दिवसापासून बंदच झाली. बाकीच्या वाड्यांचे भोंगे वेळेवर वाजायला लागले. साहेब खूश झाले. इंद्रायणीचं काम चोख, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं आणि पुन्हा चहा मागवला. तो तिला गेला नाही.

मग श्रावण आला. पेठला लख्ख ऊन पडलं. रस्त्यावरून नाशिकच्या गाड्या धुरळा उडवत जायला लागल्या. इंद्रायणी पुन्हा चष्मा शोधायला लागली, पुन्हा स्वतःवर हसायला लागली. एका दुपारी ती ऑफिसातून लवकर घरी आली. श्रेयाला जाताना बजावलं होतं, कुकर लावून ठेव. कुकर धुऊन पालथा घातलेला होता. ओटा पुसलेला. गॅसच्या सिलिंडरचं बटणसुद्धा बंद.

“हे काय गं? भूक नाही का तुला?”

“अगं, आज आपल्याला आवतण आहे ना,” श्रेया वही मिटत म्हणाली. “चूलबंद. मी सगळं बंद करून ठेवलं.”

इंद्रायणीनं हातातली पिशवी खाली ठेवली. “कुणी सांगितलं?”

“एक बाई आली होती आत्ता. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर नको म्हणाली. मी गाव विचारलं. म्हणाली, तुझ्या आईला ठावं हाय.” श्रेयानं दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “केवढी भिजली होती गं ती.”

“किती वाजता...” इंद्रायणी उंबऱ्यापर्यंत गेली. “किती वाजता बोलावलंय?”

“वेळ नाही सांगितली. भोंगा वाजला की या, म्हणाली.”